अर्ध्या दाढीचा नवरदेव

शुक्रवारी सकाळी भट्टीवर रोट्या घ्यायला थांबलो, तर अबू सखर फळीवरून रोट्या ओढता ओढता म्हणाला, ‘मग, शहरातून तो इरबिदचा न्हावी किती वाजता पोचतोय?’ मी म्हटलं, ‘कसला न्हावी?’ तर म्हणे, ‘कसला म्हणजे? कुतैबाची दाढी करायला. नवरदेवाला काय तसाच गाडीत चढवणार?’ मी हातातली बॅग वर करून त्याला दाखवली. म्हटलं, ‘आणि मी काय मेलोय?’ अबू सखरने रोटी तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे बघितलं, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. ‘अरे अबू गदीर, तू आज न्हावी कुठला? आज तू मुलीचा बाप.’ रांगेतले दोघंतिघंही हसले. मीही हसलो, कारण न हसून सांगतो कुणाला. रोट्या घेतल्या आणि चालू लागलो, पण पाय घराकडे वळायचे ते दुकानाकडे वळले, आणि कुलूप उघडून, शटर अर्धं वर करून, मी माझ्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. मांडीवर गरम रोट्या, पायाशी बॅग, आणि समोर आरशात दाढी वाढलेला एक गाढव.

गाढव नाही तर काय म्हणायचं? आमच्या या अजलूनच्या डोंगरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल की लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाने नवरदेवाच्या घरची पायरी चढायची नसते. ते येतात, आपण बसून राहायचं. ते मागतात, आपण द्यायचं. त्याआधी बाप तिकडे दिसला तर लोक म्हणणार, याला मुलगी उजवायची एवढी घाई, की स्वतःच हाताला धरून सोडायला आला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांच्या लग्नात मी हे दहा जणांना शिकवलंय. पण हिवाळ्यात कुतैबाची माणसं मागणी घालायला आली, त्याचा बाप हाज फलाह माझ्यासमोर मान खाली घालून बसला, मी हो म्हटलं, आणि म्हणताना माझ्या मनात काय आलं असेल? की वा, म्हणजे कुतैबाची दाढी आपल्याच हातची. मुलगी निघून जाणार हे मनात आलं नाही. दाढी आली. तेव्हापासून मी त्या दाढीची वाट बघत होतो. परवापासून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत होतो. ऑलिव्हचा नाबलुसी साबण, तुरटीचा खडा, आणि माझ्या बायकोने, इनसाफने, कडेला भरतकाम केलेलं ते पांढरं कापड, जे फक्त नवरदेवांसाठी बाहेर निघतं, सगळं बॅगेत भरून ठेवलं होतं. इनसाफने मला वस्तरा परजताना दोन दिवस बघितलं आणि चकार शब्द काढला नाही. नंतर म्हणाली, मला वाटलं तुमचा जीव घाबराघुबरा झालाय, म्हणून हाताला चाळा.

या गावात लग्नाच्या दुपारची दाढी म्हणजे नुसती दाढी नसते. अंगणात मधोमध खुर्ची, भोवती काका, मामा, मित्र, डफ, टाळ्या, बायका गच्चीवरून वाकून बघताहेत, आणि नवरदेव मान मागे टाकून बसलेला. त्या वेळी मोठमोठे शहाणे लोक लहान पोर होतात. गळा दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली असला की माणसाला फार काही लपवता येत नाही. मी अंगठ्याने जबड्याची कातडी ताणतो आणि मला कळतं, हा घाबरलाय, याने रात्रभर डोळा लावला नाही, हा आतून नाचतोय पण बापासमोर गंभीर बसलाय. मग एक गाल पूर्ण झाला की मी वस्तरा पुसतो, मिटतो आणि बाजूला उभा राहतो. हा आमचा हक्क. माझ्या उस्तादाचा होता, त्याच्या उस्तादाचा होता. नवरदेव अर्ध्या दाढीचा बसलाय, आणि न्हावी म्हणतो, मागितलेलं मिळाल्याशिवाय दुसऱ्या गालाला हात लावणार नाही. दुसरे न्हावी पैसे मागतात. मी कधी मागितले नाहीत. मी एकदा एका कंजूस मामाला नाचायला लावलं. तो जो नाचायला लागला तो थांबेचना, शेवटी त्याला धरून बसवावं लागलं. एकदा एक नवरदेव आईशी वर्षभर अबोला धरून होता, त्याला म्हटलं, जा, अर्ध्या दाढीने गच्चीवर जा आणि तिच्या हाताची पापी घेऊन ये. गेला. खाली आला तेव्हा साबण वाळून गेला होता आणि मला परत फेस करावा लागला. असा फेस मी आनंदाने केला. या गावातल्या बहुतेक बापांचे गाल मी त्यांच्या लग्नात असे अर्धे ठेवलेत, आणि आता त्यांच्या पोरांचे ठेवतोय. आणि ज्या एका गालासाठी माझा हात शिवशिवत होता तो इरबिदचा कुणी माणूस करणार. मला वाईट वाटलं. अगदी लहान मुलासारखं, रडू येईल इतकं वाईट वाटलं, आणि मी एक रोटी मोडून नुसतीच खाल्ली.

कुतैबाचं डोकं मला त्याच्या आईच्या खालोखाल माहीत आहे. पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीच्या दोन हातांवर मी फळी टाकली होती आणि त्यावर त्याला बसवलं होतं, आणि त्याने माझं बोट कडकडून चावलं होतं. उजव्या कानामागे खोक आहे, अंजिराच्या झाडावरून पडल्याची. तिथे कात्री जपून न्यावी लागते. सैन्यात जायच्या आदल्या दिवशी पठ्ठ्याने स्वतःच कल्ले कापायचा उद्योग केला आणि एक वर एक खाली घेऊन माझ्याकडे धावत आला. आणि मागच्या वर्षी तर तो दर दोन-तीन दिवसांनी येऊन बसू लागला. केस नाहीत, दाढी नाही, नुसता बसतो, जुनं वर्तमानपत्र उलटं-सुलटं वाचतो. मी घरी सांगायचो, पोराला माझ्याशी बोलायला आवडतं. इनसाफ म्हणायची, ‘हो का? आणि बोलायला तो नेमका शाळा सुटायच्या वेळेला येतो वाटतं?’ शाळा सुटली की माझी गदीर घराची किल्ली घ्यायला दुकानाच्या दारापर्यंत यायची. ती तिथे शिकवते, तिसरीला. दारात उभी राहून ‘बाबा, किल्ली’ म्हणायची, मी द्यायचो, ती जायची. एवढ्यात काय घडत होतं ते सगळ्या बाजाराला दिसलं. आरसा माझा, दुकान माझं, मुलगी माझी, आणि कळलं सगळ्यात शेवटी मला. हे आठवलं आणि एकटाच हसत बसलो.

मला चार मुली. गदीर थोरली. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात, अबू म्हणजे अमक्याचा बाप, आणि मुलगा होईपर्यंत लोक वाट बघतात. माझ्यासाठीही बघत राहिले. चौथीच्या वेळी दुकानात एक जण दाढीला बसला होता, तो आरशातून म्हणाला, ‘काय रे, आता तुला अबू-ल-बनातच म्हणायचं की काय, पोरींचा बाप?’ माझा वस्तरा त्याच्या गळ्याशी होता. मी अगदी गोडीने म्हटलं, ‘माझं नाव अबू गदीर. म्हणून बघ बरं.’ त्याने लगेच म्हटलं. त्या दिवसापासून गाव मला अबू गदीर म्हणतं, आणि मी ते नाव अंगावर चांगल्या कोटासारखं घालतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी चौघींना स्टुलावर एकेक करून बसवायचो आणि वेण्या घालायचो. इनसाफचे हात सकाळी आखडतात, तिला कंगवा धरवत नाही, आणि मला तर केसांशिवाय दुसरं काय येतं? पहिले चार दिवस बायका हसल्या. मग शेजारणीच आपल्या पोरी आणून उभ्या करायला लागल्या. गदीरचे केस दाट, हात बुडेल असे. ‘बाबा, ओढू नका,’ रोज तेच. एकदा मी म्हटलं, ओढल्याशिवाय वेणी होत नाही. तर म्हणाली, मग सैल घाला, शाळा काय पळून जातेय. चिमुरडी होती तेव्हा, दुधाचे दात पडलेली. असं सगळ्यांना सुनावायची सवय तिला तेव्हापासून. आता ती त्याच गावात, वरच्या आळीत जाणार. माझ्या गच्चीवरून तिची गच्ची दिसेल, वाळत घातलेले कपडेसुद्धा ओळखू येतील. कुणी परदेशी जात नव्हतं, मग माझ्या छातीत हे कसलं ओझं? मला या ओझ्याची लाज वाटत होती आणि ते खाली ठेवावंसंही वाटत नव्हतं.

नमाज झाली, घरी गेलो. घर बायकांनी खच्चून भरलं होतं. जिथे उभा राहीन तिथे कुणीतरी म्हणे, ‘अबू गदीर, जरा सरका.’ माझ्याच घरात मी सरकत सरकत भिंतीला लागलो. इनसाफने मला सूट चढवला, गळ्याचं बटण लावायला तिची बोटं अडखळली तेव्हा मी तिचे हात धरले आणि आम्ही दोघं क्षणभर तसेच उभे राहिलो. ‘बॅग कशाला घेऊन गेला होतात सकाळी?’ तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हसून तोंडाला ओढणी लावली, आणि मग डोळ्यांनाही तीच लावली. ‘देवा रे,’ म्हणाली, ‘तुम्ही खरंच दाढी करायला निघाला होतात?’ आतल्या खोलीचं दार उघडं होतं. गदीर पाठमोरी बसली होती, एक पोरगी तिच्या केसांत पिना खोचत होती. मला त्या पोरीला सांगायचं होतं की मानेजवळ एवढं घट्ट नको, तिला दुखतं. गदीरने आरशातून मला बघितलं आणि भुवया उंचावल्या, काय झालं अशा. मी मान हलवली, काही नाही. आणि कुणीतरी पुन्हा म्हणालं, जरा सरका, म्हणून मी जो सरकलो तो रस्त्यावरच आलो.

बाहेर पुरुषांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे बसायचं सोडून मी परत दुकानात. सूट घातलेला, बूट चकचकीत, आणि शटर अर्धं. वरच्या आळीतून डफ ऐकू यायला लागला होता. मला आवाजावरून कळत होतं सगळं. आता खुर्ची आणली असेल. आता कापड बांधलं असेल. आता तो इरबिदवाला फेस करत असेल, कसला फेस, डब्यातला, फुसफुस करून. मी तुरटीचा खडा उगाच ओला केला आणि वाळवला. मग डफ थांबला. मध्येच थांबला. हे मला कळेना. बराच वेळ काही नाही, आणि मग परत सुरू झाला, पण जवळ. उतारावरून खाली येत होता. मी उठून शटरखालून बघितलं तर अख्खी वरात बाजारातून येत होती, आणि सगळ्यांत पुढे कुतैबा, बनियनवर, गळ्यात टॉवेल खोचलेला, तोंडाला ओला फेस. लोक दुकानांतून बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. त्याच्या मागे हाज फलाह, लाल झालेला, काठी हवेत.

‘अबू गदीर,’ हाज दारातूनच ओरडला, ‘हा तुझा जावई बघ. मान मागे टाकायला तयार नाही. म्हणतो, या गळ्याला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागला नाही आणि आज लागणार नाही. अंगणात दोनशे माणसं, मन्सफच्या मटण-भाताच्या पराती उचलायच्यात, आणि हा उठून चालायला लागला.’

मी म्हटलं, ‘हाज, मला तुमच्या घरी येता येत नाही आज. माझंच चुकलं, मी आधी—’

‘तुला कोण बोलावतंय?’ हाजने काठी आपटली. ‘हे काय माझं घर आहे? हे तुझं घर आहे? इथे मुलीकडचं कोण आणि मुलाकडचं कोण? दुकान आहे. दुकानात गिऱ्हाईक आलंय. बसवतोस की हाकलतोस?’

मागून एक लठ्ठ, घामाघूम माणूस पुढे आला आणि त्याने माझ्या हातात हात दिला. इरबिदचा न्हावी. मला वाटलं रागावलेला असेल. तो म्हणाला, ‘उस्ताद, पैसे मला मिळालेत. आता नुसतं बघायला आलोय. कुठे उभा राहू?’ मी त्याला आरशाशेजारची जागा दिली. शटर पूर्ण वर केलं. मी कोट काढला, खुंटीला अडकवला, बाह्या सरसावल्या. बॅगेतलं पांढरं कापड झटकलं तेव्हा दुकानात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या बाजारभर पसरत गेल्या. कुतैबाच्या चेहऱ्यावरचा तो डब्यातला फेस मी आधी गरम टॉवेलने पुसून काढला. इरबिदवाला म्हणाला, ‘पुसा, पुसा, मला काही वाटणार नाही.’ मग मी माझा ब्रश फिरवला, साबणाचा तो ऑलिव्हचा वास आला, आणि कुतैबाने स्वतःहून मान मागे टाकली. कातडी अंगठ्याखाली घेतली. हा घाबरला नव्हता. हा आतून नाचत होता, बापासमोरसुद्धा. माझा अंगठा मात्र मला काहीतरी सांगत होता, आणि ते मी ऐकायचं टाळत होतो. एक गाल झाला, गुळगुळीत. डफ वाजत होता. मी वस्तरा पुसला, मिटला आणि बाजूला उभा राहिलो.

‘माग!’ सगळे ओरडले. ‘अबू गदीर, माग!’ हाज म्हणाला, ‘लवकर माग, तिकडे गाड्या उभ्या आहेत.’ आणि तेव्हा मला लख्ख दिसलं. हा दुसरा गाल झाला की हे उठणार, कोट चढवणार, गाड्या काढणार आणि सरळ माझ्या दारात. दुसरा गाल माझ्या हातात होता. तो होत नाही तोवर माझी मुलगी माझ्या घरात होती. आनंदाने भरलेलं दुकान, मलाही आनंद, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझ्याएवढा सुखी माणूस त्या डोंगरात नसेल. पण हात काही वस्तऱ्याकडे जाईना.

मी म्हटलं, ‘चहा.’

‘काय?’

‘मला चहा पाहिजे. मरमियाची पानं घातलेला. चांगला उकळलेला.’

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग हाजच्या तोंडावरचा राग उतरला. त्याच्या तीन मुली नांदायला गेल्यात. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि बाकावर बसला. ‘चहा ठेवा रे,’ तो म्हणाला, ‘न्हाव्याचा हक्क आहे.’ माझ्याच स्टोव्हवर कुणीतरी पाणी ठेवलं. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, आणि कुणी घाई केली नाही. डफवाल्याने डफ मांडीवर ठेवला. कुतैबा अर्ध्या दाढीने आरशातून माझ्याकडे बघत होता. ‘काका,’ तो हळूच म्हणाला, ‘सावकाश घ्या.’ शहाणं पोर. मी कप हातात घेतला. मरमियाची वाफ नाकात गेली. चार लहान डोकी, ओळीने, ओल्या केसांची. ओढू नका. शाळा काय पळून जातेय. मी घोट घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला, फुंकर मारली. चहा केव्हाच निवला होता तरी फुंकर मारली, आणि दुकानभर बसलेले सगळे बाप, भाऊ, काका ते बघत राहिले आणि कुणी हसलं नाही.

तेवढ्यात खुंटीवरच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. माझ्या एका हातात कप, दुसरा साबणाने भरलेला. इरबिदवाल्याने पुढे होऊन फोन काढला, स्क्रीन बघितली आणि काही न विचारता स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

‘बाबा,’ गदीरचा आवाज आला. मागे बायकांचा गलका. कुणी तिला काही सांगितलं असेल का? कुणी नाही. ती मला ओळखते, टाळायचं काम आलं की मी चहा मागतो. ‘बाबा, चहा पिताय ना?’

मी कपाकडे बघितलं, मग फोनकडे.

‘कप खाली ठेवा, बाबा. मी कधीची तयार होऊन बसलेय.’

पहिला हसला तो हाज, मग इरबिदवाला, मग भिंतीला टेकलेले सगळे, मग दारातले, आणि हसणं रस्त्यावर गेलं. कुतैबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, त्याचे कान लाल झाले होते. मी हसत होतो आणि माझे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. तिला जायचं होतं. माझ्या मुलीला मनापासून जायचं होतं. यापरतं बापाला काय पाहिजे असतं? मी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि वस्तरा उघडला.

‘पाठवतो गं,’ मी फोनकडे तोंड करून म्हटलं. ‘एकच गाल राहिलाय.’